कोकमाचे सरबत आणि साखरेचे प्रमाण

कोकणात ज्यास रातांबा म्हणतात व गोमंतकात ज्यास भिरंड हे नाव आहे, ते फळ मोठ्या अडचणीच्या वेळी पिकते. एप्रिलपासून त्याची तोडणी सुरू होते खरी, परंतु पुष्कळ फळे मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी तयार होतात. आणि तेवढ्यात मृगाचा पाऊस दाराशी येऊन ठेपतो. पावसात भिजलेला रातांबा झाडाखाली पाहता पाहता सडतो. आणि ऊन नाहीसे झाले, म्हणजे त्याची आमसुले वाळविणेही दुरापास्त होते. ह्यास्तव दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, पावसापूर्वी फळ हाती यावे म्हणून, ‘कोकण अमृता’ ही लवकर पिकणारी जात निवडून काढली. तरीही जुन्या झाडांची बरीच फळे दरवर्षी मातीस मिळतात. ह्या थोड्या दिवसांत फळाचा रस, रंग व स्वाद टिकवून धरण्याचे जे घरगुती साधन आहे, ते साखर होय. हे साधन कसे वापरावे, आणि त्याचे कार्य कसे घडते, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. फळांच्या गोड पेयास आपल्याकडे जुना शब्द ‘पानक’ असा आहे. त्यावरूनच ‘पन्हे’ हा शब्द आला. ‘सरबत’ हा शब्द ‘पिणे’ ह्या अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला, आणि इंग्रजांचा ‘सिरप’ हाही त्याच धातूचा वंशज आहे. उलट, इंग्रजांचा ‘शुगर’ हा शब्द पाहू गेल्यास तो आपल्या ‘शर्करा’ ह्या शब्दाचाच प्रवासी नातू आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सरबतात साखर गोडीसाठी घालतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. साखर ही त्या रसाची राखणदार आहे. फळांचा रस नासतो तो आपोआप नव्हे. हवेतील व सालीवरील सूक्ष्म जीव त्यात वाढतात, म्हणून तो आंबतो. आंबणे हे जिवंत जीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासून पुढील काही वर्षांत प्रयोगांनी सिद्ध केले. ह्या जीवांस जगण्यास पाणी हवे. दाट पाकात पाणी असते, पण ते साखरेच्या ताब्यात असते. इतकेच नव्हे, तर असा पाक त्या जीवांच्या शरीरातील पाणीही बाहेर ओढून घेतो. ह्या क्रियेस परासरण म्हणतात. मिठात मुरविलेल्या कैरीस पाणी सुटते, ते ह्याच नियमाने. पाणी गेले म्हणजे त्या जीवांची वाढ खुंटते.

परंतु हे सामर्थ्य पातळ पाकात नाही. पाक पातळ असला, तर तीच साखर त्या जीवांचे खाद्य बनते! सरबत साध्या हवेत टिकावयाचे, तर त्याच्या १०० भागांत सुमारे ६५ भाग साखर असली पाहिजे. साध्या उष्णतेच्या १०० ग्रॅम पाण्यात साखर विरघळते ती सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे तयार पाकाच्या १०० भागांत ६७. ह्यावरून ध्यानात येईल की ‘एकास दुप्पट’ हे आपल्या आज्यांचे माप म्हणजे केवळ हाताचा अंदाज नव्हे. पाणी जितकी साखर सामावून घेऊ शकते, जवळजवळ तितकी ती आहे.

आता कृती सांगतो. पूर्ण पिकलेले, गडद तांबडे व न फुटलेले रातांबे घ्यावे. ते स्वच्छ धुवून, फडक्याने कोरडे पुसून, मधोमध कापावे व आतील गर आणि बिया वेगळ्या काढाव्या. उरलेल्या सालींच्या वाट्यांचे वजन १ किलो भरल्यास साखर २ किलो घ्यावी. कोरड्या काचेच्या अथवा चिनी मातीच्या बरणीत तळाशी साखरेचा थर द्यावा. मग प्रत्येक वाटीत साखर भरून त्या वाट्या एकावर एक रचाव्या, आणि शेवटी पुन्हा साखरेचा थर द्यावा. तोंडास स्वच्छ फडके घट्ट बांधून बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवावी व रात्री घरात घ्यावी. रोज कोरड्या लाकडी चमच्याने एकवार ढवळावे. साखर सालींतील रस ओढून घेते व स्वतः त्यात विरघळते. पाण्याचा थेंबही वरून घालावा लागत नाही. तळाशी साखर उरली असेल, तर आणखी दोन दिवस थांबावे. नंतर पाक गाळून, कोरड्या बाटल्यांत भरून अंधाऱ्या जागी ठेवावा. पिण्याच्या वेळी एका भागास पाच भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी.

ह्या कृतीत चूल नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. कोकमाचा तांबडा रंग उष्णतेने फिका पडतो, म्हणून पाक उकळत नाहीत. भांड्याविषयीही जपावे. कोकम फार आंबट. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ते ठेवल्यास धातूचा विषारी अंश रसात उतरतो. उलटपक्षी हाच आंबटपणा एका कामी उपयोगी पडतो. आम्लाच्या योगाने साखरेचा काही अंश द्राक्षशर्करा व फलशर्करा ह्या दोन साध्या शर्करांत मोडतो, आणि मग पाकात खडे धरत नाहीत. गोड फळांच्या पाकात लिंबू पिळतात, त्याचेही एक कारण हेच.

अननसासारख्या फळाचे सरबत करावयाचे असल्यास हिशोब थोडा निराळा आहे. पुष्कळजण प्रथम पाण्यात पाक करतात व मग त्यात रस ओततात. तसे केल्याने रसातील पाण्यामुळे पाक पुन्हा पातळ होतो. म्हणून रसालाच पाणी समजावे: १ किलो रसास पावणेदोन किलो साखर व दोन लिंबांचा रस घालून मंद आचेवर साखर विरघळू द्यावी, एक उकळी आणावी व गाळून गरम असतानाच गरम केलेल्या बाटल्यांत भरावे.

कोणी म्हणतील, ‘साखर महाग; किलोस किलोच घालू.’ ह्या काटकसरीचा हिशोब करून पाहावा. १ किलो रसात सुमारे १०० ग्रॅम साखर मूळचीच असते असे धरले, तर २ किलो मिश्रणात साखर १,१०० ग्रॅम, म्हणजे शेकडा ५५ झाली. एवढ्यावर राखण होत नाही. काही दिवसांत फेस येतो, आंबूस वास सुटतो, प्रसंगी बूच उडते. आणि साखर, फळ व श्रम तिन्ही वाया जातात. कमी साखरेचे सरबत करू नये असे नव्हे. मात्र ते शीतकपाटात ठेवून थोड्या दिवसांत संपवावे. ज्यांस साखर वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी कोकणात आगळ आहे. त्यात रसाची राखण मीठ करते.

जाता जाता एक प्रयोग सुचवितो. पेलाभर पातळ कोकम सरबतात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालीत जावे. फळाचा खरा रंग असेल, तर तांबडेपणा जाऊन जांभळट वा काळपट छटा येईल. कृत्रिम रंग बहुधा जसाच्या तसा राहील. बाजारातील तांबड्या पाण्याची ही सोपी परीक्षा आहे.

रातांब्याचे काहीच टाकावयाचे नसते. गाळून उरलेल्या साली वाळवून मुलांनी खाव्या. बियांपासून मुठेल निघते, ते थंडीत भेगाळलेल्या टाचांस लावतात. असे हे फळ, ज्याच्या अंगणात आहे त्याने पावसाच्या स्वाधीन का करावे? आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आईच्या अथवा आजीच्या हाताखाली एक तरी बरणी भरावी, आणि भरताना तराजू जवळ ठेवावा. जे राखावयाचे, त्यास पुरते माप द्यावे लागते, हे त्यांस त्या बरणीतच दिसून येईल.