धोक्याची घंटा थांबत नाही तेव्हा

अजिंठा म्हटले की आपणांस लेणी आठवतात. पण अजिंठा गावाला तटबंदीही आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथून सुमारे ३५ किलोमीटरवरील असई येथे शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांकडील हजाराहून अधिक जखमींसाठी अजिंठ्याच्या तटबंदीत रुग्णालय उघडले गेले. त्यांत हिंदी शिपाई पुष्कळ होते. शरीराच्या जखमांची मोजदाद झाली. मनाच्या जखमांची झाली नाही. इंग्रज सेनापती वेलस्ली त्या रात्री पुन्हापुन्हा जागा झाला. आपले सारे मित्र मेले असे त्यास वाटत होते. लढाई तर त्यानेच जिंकली होती! मग असे का व्हावे?

जवळ फटाका फुटला की काय होते ते आठवा. एक दशांश सेकंदाच्या आत पापणी मिटते. विचार मागाहून येतो. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात आणि छाती धडधडू लागते. धोका टळला की शरीर शांत होते. परंतु युद्धातून परतलेल्या काही सैनिकांत, कळ अडकलेल्या विजेच्या घंटेप्रमाणे, ही सूचना चालूच राहते. झोप मोडते, साध्या आवाजाने दचकायला होते, जुना प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

पहिल्या महायुद्धात यास ‘शेल शॉक’ म्हणत. तोफगोळ्याच्या दाबलहरीने मेंदूस इजा होते, असा तर्क होता. पण स्फोटापासून दूर असलेल्यांतही तीच लक्षणे दिसली आणि तर्क अपुरा ठरला. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी ‘आघातोत्तर तणाव विकार’ या नावाने त्याची नोंद केली. हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत. तज्ज्ञाच्या मदतीने ती आठवण थोडीथोडी उलगडली, की ‘धोका संपला’ हे मेंदू पुन्हा शिकतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी दूरध्वनीवरून सल्ला देणारा ‘टेलि-मानस’ कक्ष सुरू झाला.

तुमच्या शेजारीही एखादे निवृत्त जवान काका राहत असतील. लढाईच्या गोष्टींसाठी त्यांच्यामागे लागू नका. ते आपणहून सांगू लागले तर मन लावून ऐका. आणि दिवाळीत सुतळी बॉम्ब लावण्यापूर्वी त्यांना सांगून या. आवाज येणार हे आधी ठाऊक असले, की माणूस कमी दचकतो. हा प्रयोग सोपा आहे, आणि उपयोगाचाही!