फड पद्धतीतील सांडम

सांडम : फड सिंचन पद्धतीत पाटातील व शेतातील जादा पाणी ओढ्यात किंवा नदीत परत सोडणारी वाट. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, तसेच नासिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर ही पद्धत सुमारे तीन-चार शतकांपूर्वीपासून प्रचारात आली. नदीवर दगडी बंधारा घालून पाण्याची पातळी उंचावितात. बंधाऱ्याच्या टोकापासून २ ते १२ किमी. लांबीचा पाट निघतो. त्यातून चाऱ्या व चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग काढलेले असतात. पाणी केवळ उताराने वाहते, ते उपसावे लागत नाही.

भिजणाऱ्या क्षेत्राचे सामान्यतः चार फड पाडून एका फडात एकच पीक घेतात. त्यामुळे पाळी ठरविणे सोपे जाते व निचराही एकत्रितपणे होतो. ऊस व भुसार पिके शेजारी असती, तर उसाच्या पाण्याने भुसार पीक नासले असते.

खोऱ्यातील काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने पाणी सावकाश मुरते. भूजल पृष्ठभागाजवळ आले की, ते केशाकर्षणाने वर चढते. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात व जमीन खारवट किंवा चोपण बनते. याची झळ प्रथम पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास बसते. त्याला पाणी सर्वांत शेवटी मिळते, परंतु वरच्यांचे जादा पाणी त्याच्याच शेतात साचते. गाळाने बुजलेला सांडम त्याच्या दृष्टीने कोरड्या पाटाइतकाच घातक होय. नीरा कालव्याच्या क्षेत्रात निचऱ्याची सोय आधी न झाल्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत उसाच्या जमिनी पाणथळ झाल्या आणि तेथे चर मागाहून खणावे लागले.

सांडम हे नाव ‘सांडणे’ या क्रियापदाशी जुळते; तथापि हे पाणी वाया जात नाही. पांझरेवर बंधाऱ्यांची मालिका असल्याने वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या बंधाऱ्यास मिळते. पाण्याची वाटणी पाटकरी पाहतो; पाटांची साफसफाई व दुरुस्ती लाभधारक मिळून करतात.

वरच्या भागात लाटीपाडा, मालनगाव इ. धरणे झाल्यावर नदीचा नैसर्गिक प्रवाह घटला. विहिरी व विद्युत् पंप आल्यावर स्वतंत्र पीक घेणे शक्य होऊन फडांची शिस्त सैल झाली. पाट कोरडे राहू लागले, तेथे सांडमांची निगा राखण्याचे कारणच उरले नाही.