पिसाकडं बघ

मी इंग्लंडात मासेमारीच्या पहिल्या मॅचला गेलो तेव्हा माझ्या पेटीत सहा फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरचे तरंगे, होते आणि सहाही माझ्या हातचे. हात टर्नरचा, त्यामुळे दिसायला देखणे. बाल्साचं अंग बाजरीच्या कणसासारखं निमुळतं, खाली कार्बनची काडी, वर बांबूच्या शेंड्याला सुईएवढी बारीक लाल टोकं. शेजारचा म्हातारा मला गाडीतून तळ्यावर घेऊन गेला होता. केर्सलीच्या कोळशाच्या खाणीत त्याचा जन्म गेलेला. त्याने एक फ्लोट उजेडात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "सुंदर आहे. भिंतीवर लाव."

संध्याकाळी वजन झालं तेव्हा माझे अकरा पौंड भरले. पहिल्या आलेल्या माणसाचे एकशे चाळीस.

मी मूळचा पलूस तालुक्यातला. भिलवडीच्या घाटाखाली, कृष्णेच्या काठाला, आजोबांच्या शेजारी बसून गळ टाकायला शिकलो. वेळूची काठी, नायलॉनचा दोरा, गळाला गांडूळ आणि दोऱ्यावर मोरपिसाच्या दांड्याचा बोटभर तुकडा. आजोबा त्याला नुसतं पीस म्हणत. "पाण्याकडं नगं, पिसाकडं बघ," एवढंच त्यांचं शिक्षण. चिलापी टोचायला लागली की पीस थरथरायचं, शिंगटा असला की आडवं पडून सरकायचं, मरळ असली की एकदम दिसेनासं व्हायचं. पीस जितकं हलकं तितकं ते जास्त बोलतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. इंग्लंडात तेच मला नडलं.

इथली मॅच म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे कुणाला सांगितलं की "दिवसभर बसून मासे पकडायचे आणि मग सोडून द्यायचे" तर समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतो. शेतकऱ्याने खणलेलं तळं असतं, त्यात सोडलेले कार्प. आपल्या उजनीवर ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा मासा. आमच्या भागात वुल्व्ही गावापाशी बिली मेकिनने तळी खणली आणि मग मॅचची माणसं नद्या सोडून तळ्यांकडे वळली. सकाळी थैलीत हात घालून आकडा काढायचा. तो आकडा म्हणजे काठावरची आपली जागा, तिला पेग म्हणतात. शिट्टी झाली की पाच-सहा तास मिळतात. धरलेले मासे पाण्यात बुडवलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजनकाटा येतो, वजन होतं, मासे परत पाण्यात. गळाला उलटा काटा चालत नाही.

आणि हत्यार म्हणजे पोल. कार्बनच्या नळ्या एकात एक बसवत तेरा किंवा सोळा मीटरपर्यंत नेलेली काठी. रीळ नाही. टोकाच्या नळीतून रबर ओवलेलं असतं, त्याला दोरा. मासा पळाला की रबर ताणतं. काठीचं टोक फ्लोटच्या अगदी डोक्यावर नेता येत असल्यामुळे फ्लोट लांब फेकावा लागत नाही. म्हणून तो इवलासा चालतो, वजन ग्रॅमच्या दोन-तीन दशांशात. पाकिटावर ४×१२, ४×१४ असे आकडे असतात. पहिला साधारण ०.२ ग्रॅम शिसं पेलतो, दुसरा ०.४.

शिसं म्हटलं, पण खरं तर १९८७ पासून इथे शिशाच्या बहुतेक गोळ्यांना बंदी आहे. नदीत पडलेल्या गोळ्या राजहंस खड्यांबरोबर गिळायचे आणि विष चढून मरायचे. ०.०६ ग्रॅमची आठ नंबरची गोळी आणि तिच्याहून बारीक तेवढी शिशाची चालते. गंमत म्हणजे कार्पच्या फ्लोटला बहुतेक तीच लागते.

तर ते अकरा पौंड. त्या दिवशी मासे नव्हते असं नाही. माझ्या पेगसमोर पाणी नुसतं उकळत होतं. पेलेटची, म्हणजे माशांच्या खाद्याच्या दाण्यांची, मूठ टाकली की कार्प गोळा व्हायचे, फ्लोट बुडायचा, मी काठी उचलायचो आणि गळाला काय? रुपयाएवढं खवलं. किंवा मासा लागायचा तो शेपटीला, बैलगाडी उधळावी तसा पळायचा आणि सुटायचा. पाच तासांत मी काठी बहुधा दोनशे वेळा उचलली असेल. परतताना गाडीत म्हाताऱ्याने समजावलं ते असं: कार्प हा रुंद अंगाचा मासा, आणि खायला आला की दहा-पंधरा एकत्र. पाण्यात उभा असलेला तुझा दोरा त्यांच्या पाठीला, पराला घासतो. दोरा ओढला गेला की फ्लोट बुडतो. तो घास नव्हे. तू घास समजून काठी उचलतोस, गळ कुठेतरी अंगात रुततो, तो मासा बिथरतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो. "तुझा फ्लोट फार बोलतो," तो म्हणाला.

घरी येऊन मी गणित मांडलं. टर्नरला मायक्रोमीटर हाताशी असला की बरं वाटतं. माझ्या फ्लोटचं टोक एक मिलिमीटर जाड. ते सेंटिमीटरभर बुडवायला जेवढं पाणी सारावं लागतं त्याचं वजन सुमारे आठ मिलिग्रॅम. टोक दोन मिलिमीटरचं केलं तर जाडी दुप्पट पण काम चौपट, म्हणजे एकतीस मिलिग्रॅम. पराने दोरा हलकासा ढकलला तर आठ मिलिग्रॅम सहज जातात. एकतीस जायला माशाला गळ तोंडात घेऊन वळावं लागतं. सगळा खेळ या तेवीस मिलिग्रॅमचा होता.

त्यामुळे कार्पच्या फ्लोटला आज पोकळ प्लॅस्टिकचं जाड टोक लावतात. आत हवा असल्याने ते तरंगतं, आणि तेरा मीटरवरून चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना दिसतं हा वरचा फायदा. पाण्यावर आभाळाची चमक असेल तर काळं टोक, झाडाची सावली असेल तर पिवळं किंवा लाल. मी पेटीत तिन्ही ठेवतो आणि तरी दर वेळी चुकीचं आधी काढतो.

टोकानंतर अंग. १४९६ साली वेस्टमिन्स्टरमध्ये छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या एका पुस्तिकेत फ्लोट करायची रीत दिली आहे: स्वच्छ बूच घ्यावं, तापल्या सळईने भोक पाडावं, त्यात पिसाचा दांडा बसवावा. ते वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. मोरपिसाचा दांडा तर इथल्या दुकानांत अजून मिळतो, रिळाच्या काठीवर वापरायच्या लांब वॅगलर फ्लोटसाठी. पण पोलच्या फ्लोटला कित्येक वर्षं बाल्साच. हे लाकूड बहुतेक करून इक्वाडोरचं, इतकं मऊ की पटाशी लावली की फाटतं. मी ते ड्रिलमध्ये पकडून नुसत्या पॉलिश पेपरने उतरवतो. आकार मनासारखा येतो आणि उचल धरायला त्याच्या तोडीचं काही नाही. खोट एकच. वार्निशला टाचणीएवढी चीर पडली की ते पाणी पितं. सकाळी बेताचा तोललेला फ्लोट दुपारी जड होतो, टोक खाली खाली जातं आणि तुम्हाला वाटतं मासा लागला. कार्पच्या तळ्यावर चिरा पडणारच. मासा तळ्यातल्या बेटाच्या दगडांत शिरतो, लव्हाळ्यातून पळतो, फ्लोट मागून आपटत जातो.

म्हणून आता बहुतेकांनी फोम धरला. कडक, बंद कप्प्यांचा फोम. ओरखडा आला तरी पाणी आत शिरत नाही. हाताला तो मेल्यासारखा लागतो. लाकडाचा जिवंतपणा त्यात नाही आणि लेथवर त्याचा चुरा नाकात जातो. तरी माझ्या पेटीत आज चारातले तीन फोमचे आहेत.

काडीवरून मात्र अजून भांडणं होतात. कार्बन हलका, त्याचा फ्लोट आमिषाबरोबर सावकाश उभा राहतो, वरच्या पाण्यातला घाससुद्धा दिसतो. पण खडकावर आपटला की कार्बन उभा चिरतो. तारेची काडी जड, वजन खाली राहतं, त्यामुळे वाऱ्यात आणि खोल पाण्यात तिच्याइतकं सरळ कुणी उभं राहत नाही. मोठा मासा लागला की ती कोयत्यासारखी वाकते. काचतंतूची काडी या दोघांच्या मधली: वाकते, पुन्हा सरळ होते, सहसा तुटत नाही. कार्पला मी डोळे झाकून तीच घेतो. त्यातही काडी आणि टोक वेगवेगळे चिकटवलेले न घेता एकच काडी अंगातून आरपार गेलेली बघतो. दोरा ज्यातून जातो ती वरची कडीसुद्धा नखाने हलवून बघावी. माझ्या देखण्या सहापैकी दोघांच्या कड्या पहिल्याच महिन्यात उपटून आल्या, कारण मी त्या नुसत्या डिंकावर बसवल्या होत्या. लेथवरच्या कामात असं केलं असतं तर वडिलांनी बोटांवर पट्टी मारली असती.

आकार मात्र पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी एक दिवस कसा जातो ते बघावं लागतं. जुलैतली मॅच धरा. सकाळी मी तळाशी सुरुवात करतो, सहा फूट पाणी, लांबट अंगाचा ०.४ ग्रॅमचा फ्लोट. बारीक वारा असतो. वरचं पाणी एकीकडे सरकतं आणि खालचं उलटं, त्यामुळे लांब काडी हवी. अकराच्या सुमाराला ऊन चढतं, कार्प वर येतात. मग दोनच फूट दोरा आणि आखूड, बुटका फ्लोट, आणि तो पाण्यावर थाडथाड आपटायचा. वेडेपणा वाटतो. पण सगळे काठावरून गलोलीने पेलेट मारत असतात. पेलेट पडल्याचा टपटप आवाज म्हणजे जेवणाची घंटा हे त्या माशांना ठाऊक झालेलं असतं. इथे लांब काडीचा फ्लोट आणाल तर दोरा तिच्याभोवती गुंडाळून दहा मिनिटं गाठी सोडवत बसाल.

शेवटचा दीड तास काठाचा. तुमच्या पायापासून चार हातांवर, गुडघाभर पाण्यात, मोठे कार्प येतात. शेपट्या चिखल ढवळतात, पाणी चहासारखं होतं. तिथे लागतो डिबर: शेंगदाण्याएवढं अंग, त्याच जाडीचं टोक, काडी नावाला. नाजूक काही नाहीच त्याच्यात. दहा पौंडांचा मासा शेपटीने लाट उठवतो, डिबर नुसता डुलतो. तो खरंच बुडाला की मगच काठी उचलायची. मला ते शिकायला दोन उन्हाळे गेले, कारण हात आधीच उचलला जायचा.

कणकेसारखं मऊ पेस्ट गळाला लावायचं असेल तर पुन्हा सगळं बदलतं. टोक दोन-तीन इंच लांब हवं. गोळ्याच्या वजनाने ते खाली बसतं, आणि गोळा गळून पडला की मान वर काढतं. म्हणजे इथे फ्लोट मासा आल्याचं कमी आणि आमिष संपल्याचं जास्त सांगतो.

आता कुणी म्हणेल, मग बारीक टोक कशालाच नको? तसं नाही. डिसेंबरात पाणी चार-पाच अंशांवर उतरलं की कार्प हलतच नाही, घास म्हणजे टोकाचा एक शहारा. शिवाय एफ-वन नावाचा संकर आहे, कार्प आणि क्रूशियन यांचा. तो आमिष चोखतो आणि थुंकतो, तुम्ही डोळे मिचकावेपर्यंत. त्याच्यापुढे डिबर घेऊन बसणारा दिवसभर फक्त डिबर बघतो. तिथे माझे भिंतीवरचे फ्लोट खाली येतात. सहापैकी तीन उरलेत. त्यांतला एक तर बिली लेनच्या गावात शोभावा असा झालाय, असं मी स्वतःच म्हणतो. लेन कॉव्हेंट्रीचा. १९६३ साली तो जगज्जेता झाला आणि फ्लोटचे नमुने काढण्याबद्दल त्याचं नाव घेतलं जातं. म्हाताऱ्यासमोर मी ही तुलना काढत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाला गावी गेलो होतो. बाशिंग उतरवून ठेवलेलं, त्याचा एक कोपरा मोडला. आतून भेंड दिसलं, पांढरं, बाल्साहूनही हलकं. वहिनींना विचारून तो तुकडा खिशात घातला. इथे येऊन त्याला ब्लेडने तासलं, कारण पॉलिश पेपरला ते नुसतं दबतं. काचतंतूची काडी आरपार घातली, दोन मिलिमीटरचं टोक लावलं आणि वार्निशमध्ये सहा वेळा बुडवून वाळवलं. तीन दिवस बादलीत ठेवून रोज तोललं, थेंबभरही पाणी प्यायलं नाही. म्हाताऱ्याला दाखवलं, बाशिंग म्हणजे काय तेही सांगितलं. लग्नातल्या मुकुटाचा फ्लोट केला हे त्याला इतकं आवडलं की त्याने तळ्यावर सगळ्यांना बोलावून दाखवला.

दोन मॅच तो चांगला चालला. तिसऱ्या रविवारी काठाला लागलेल्या माशाने मला लव्हाळ्यात नेलं. मासा जाळीत आला, फ्लोट आला तो चेपून, वाटाण्याच्या सालासारखा. काडी आणि टोक मात्र शाबूत होतं. रात्री त्यांवर फोमचं अंग चढवलं आणि पुढच्या रविवारसाठी पेटीत ठेवलं.