टापटीप कुठे संपते, मंत्रचळ कुठे सुरू होतो?



आजचा विषय रोजच्या आवराआवरीचा आहे. एखाद्या बाईचं कौतुक करताना आपण म्हणतो, "हिच्या घरात इकडची काडी तिकडे झालेली दिसणार नाही." हल्लीच्या मुली तीच गोष्ट हसत वेगळ्या शब्दांत सांगतात, "मला ना ओसीडी आहे. चादरीला सुरकुती दिसली तरी चालत नाही." एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे थट्टा. या दोन्हींच्या मध्ये एक खरा आजार दडून राहतो, आणि तो भोगणारी बाई मात्र मोरीत हात धूत उभी असते. म्हणून टापटीप म्हणजे काय आणि आजार म्हणजे काय, हे आज आम्ही नीट उलगडून सांगणार आहोत.

आधी टापटिपीबद्दल. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत ती हौस म्हणून आलेली नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यातच स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे आणि झोप. सकाळी वळकट्या गुंडाळून पोटमाळ्यावर गेल्या नाहीत तर चहाला बसायला जागा नाही. नळ गेला की गेला, म्हणून पिंप वेळेवर भरून झाकायचं. गिरण्या जोरात चालत होत्या तेव्हा गावाहून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. ज्याची त्याची ट्रंक आणि ज्याचा त्याचा खिळा ठरलेला नसता, तर तिथे रोज भांडणं झाली असती. थोड्या जागेत अनेकांना सुखाने राहता यावं, यासाठी ही शिस्त होती.

लालबागच्या मिरची गल्लीचंच बघा. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा म्हणजे किती नियम! मिरच्या कडकडीत वाळवायच्या, देठ काढायचे, बरणी कोरडी हवी, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि ओला हात अजिबात लावायचा नाही. सासूबाई या बाबतीत कडक असतात, पण त्या कडकपणाला कारण आहे. ओल लागली तर मसाल्याला बुरशी येईल. आणि त्याला शेवटही आहे. बरणीला दादरा बांधला की काम संपलं. सासूबाई हात धुतात, पदराला पुसतात आणि गॅलरीत जाऊन गप्पा मारत बसतात.

आता अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. हीच बरणी तिने चार वेळा पुसली आहे. कोरडी आहे हे तिला दिसतंय, पण मनात येतं, एखादा थेंब राहिला असेल तर? तो मसाला खाऊन मुलांना काही झालं तर? म्हणून ती पाचव्यांदा पुसते. मग फडक्याचा संशय येतो, मग स्वतःच्या हातांचा. ती साबण लावते, पुन्हा लावते, मध्येच मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू करते. शेवटी अख्खा मसाला टाकून देते आणि रडते. आपण करतोय ते जास्त होतंय, हे तिला कळत असतं, तरी थांबता येत नाही.

याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. बंगालीत शुचिबाई म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी. जगभरात साधारण शंभरातल्या एक ते तीन जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. बहुतेकांची सुरुवात वयात येताना किंवा विशी-पंचविशीत होते. बायकांना होतो तसा पुरुषांनाही होतो.

या आजाराचे दोन भाग असतात. एक, नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार. दुसरा, त्या विचाराने उठलेली भीती शमवण्यासाठी केलेली कृती. हात धुतले की भीती जरा उतरते. पण त्यातून मेंदू भलताच धडा शिकतो, "धुतलं म्हणूनच वाचलो." पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो आणि धुणं वाढतं. खाज सुटलेल्या जागी खाजवत राहावं, तसं हे चक्र आहे. काम झाल्यावर "झालं, आता पुरे" असं आतून वाटतं ना आपल्याला? ते समाधानच या आजारात मिळत नाही.

प्रत्येक वेळी स्वच्छताच असते असंही नाही. कुणी गॅसचं बटण आणि दाराची कडी तपासत राहतं. तीन जिने उतरून दादर स्टेशनच्या वाटेला लागलेली बाई कुलूप ओढून बघायला परत येते, एकदा नाही, पाच-सहादा, आणि रोजची गाडी रोज चुकते. कुणाला वस्तू अगदी समान अंतरावर लागतात. कुणाच्या मनात देवापुढे हात जोडले की नेमके घाणेरडे शब्द येतात. मग ती मनातल्या मनात माफी मागत राहते. बाहेरून काहीच दिसत नाही.

बाळंतिणीबद्दल तर मुद्दाम सांगायला हवं. नव्या आईच्या मनात अचानक येतं, "माझ्या हातून बाळाला इजा झाली तर?" आणि ती हादरते. विळी लपवते, बाळाला एकटीने अंघोळ घालायची टाळते, कुणाला काही सांगत नाही. मैत्रिणींनो, ज्या विचाराचा आपल्यालाच धसका बसतो तो आपला हेतू नसतो. ओसीडीतले असे विचार म्हणजे ती आई वाईट आहे, असं मुळीच नाही. तिने डॉक्टरांशी निर्धास्त बोलावं. मात्र बाळंतीण असंबद्ध बोलत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, किंवा बाळाला इजा करणं योग्यच आहे असं तिला वाटत असेल, तर ती वेगळी आणि तातडीची अवस्था आहे. बाळ-बाळंतिणीला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मग आपली टापटीप कुठल्या बाजूची, हे कसं ओळखायचं? स्वतःला चार प्रश्न विचारा. पहिला, यात वेळ किती जातो? असे विचार आणि कृती मिळून दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ खात असतील, तर लक्ष द्यायला हवं. दुसरा, काम झाल्यावर समाधान मिळतं की पुन्हा शंका येते? तिसरा, आज नाही केलं तर काय होईल? "जरा पसारा दिसेल" असं उत्तर आलं तर ठीक, पण "कुणीतरी मरेल" असं मन सांगत असेल तर तो आजाराचा आवाज असू शकतो. चौथा, यामुळे नोकरी, झोप, माणसं सुटत चालली आहेत का? हातांना भेगा पडल्यात का, पिंपातलं सगळं पाणी एकटीलाच लागतंय का? या प्रश्नांवरून निदान ठरत नाही, ते डॉक्टरच करतात. पण त्यांच्याकडे जायचं की नाही, हे यावरून कळतं.

कपाट किती नीटनेटकं आहे यावरून काहीच ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. कपड्यांच्या घड्या एका मापाच्या करणारी बाई ठणठणीत असू शकते. आणि जिच्या घरात पसारा आहे ती आजारी असू शकते, कारण अमुक वस्तूला हात लावायचीच तिला भीती वाटते. काहींचा स्वभावच कडक असतो, सगळं माझ्याच पद्धतीने झालं पाहिजे. अशा माणसाला आपलं बरोबरच वाटतं, त्रास घरच्यांना होतो. तो स्वभावाचा प्रश्न झाला आणि डॉक्टर त्याचा वेगळा विचार करतात.

आपल्याकडे हा आजार झाकला जातो तो सोवळ्याओवळ्यामुळे. कुणाचीही श्रद्धा मोडायला आम्ही सांगत नाही. पण फरक पाहा. सोवळ्याचे नियम घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतात, पूजा झाली की ते संपतात आणि मन शांत होतं. मंत्रचळात बाई रोज नवा नियम स्वतःवर लादते आणि शांतता काही येत नाही. "फार सोवळं आहे हो तिचं" असं म्हणत आपण वर्षानुवर्षं कौतुक करतो आणि उपचारांना तेवढा उशीर होतो.

घरच्यांची माया इथे कधीकधी आड येते. "आई, कडी लावली ना?" असं मुलीने वीस वेळा विचारलं आणि आईने वीस वेळा "हो गं" म्हटलं, तर मुलीला घडीभर बरं वाटतं, पण आजाराला खतपाणी मिळतं. बाहेरून आलेल्या नवऱ्याने रोज दारातच कपडे बदलायचे, हेही तसंच. म्हणून उद्यापासून एकदम सगळं बंद करू नका आणि रागावू तर अजिबात नका. "मला तुझा त्रास कळतोय, पण याचं उत्तर आपण एकदा दिलंय," असं शांतपणे म्हणायचं, आणि बाकीचं डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं. मांत्रिक, देवऋषी यांच्या नादी लागू नका.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. 1966 साली लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या एका उपचाराची नोंद प्रसिद्ध केली. आजची पद्धत त्यातूनच वाढली. भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. उदाहरणार्थ, जिन्याच्या कठड्याला हात लावायचा आणि ठरलेला वेळ हात न धुता बसायचं. भीती आधी चढते, पण आपण काही न करताही ती सोसता येते आणि ओसरते, हे मेंदू सरावाने शिकतो. हे तज्ज्ञांच्या मदतीने, पायरी पायरीने करायचं असतं. जोडीला फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधं दिली जातात. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांची चटक लागत नाही. मात्र गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, मनाने गोळ्या बंद करू नका.

जायचं कुठे? परळचं केईएम रुग्णालय 1926 पासून आपल्या सेवेला आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचं नायर किंवा भायखळ्याचं जे. जे. जवळ. केसपेपर काढायचा आणि मानसोपचाराची ओपीडी विचारायची, एवढंच. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. नंबर 14416. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी एवढंच सांगतो. तुमच्या मजल्यावर एखादी पहाटेपासून मोरीत असेल, तर नळावर तिला टोमणा मारू नका. पाण्यावरून भांडूही नका. दुपारी निवांत वेळी तिच्याकडे जा आणि विचारा, "हे करताना तुला भीती वाटते का गं?" तिने हो म्हटलं, तर तिच्यासोबत केईएमला जायची तयारी ठेवा. पहिल्या दिवशी रांगेत कुणीतरी शेजारी बसलेलं असलं, तर खूप आधार वाटतो.