लालबागचा राजा, उधाण आणि तांबडा चंद्र

7 सप्टेंबर 2025, रविवार. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशीच झालेली, तरी लालबागचा राजा अजून गिरगाव चौपाटीवरच! सकाळी पोहोचला खरा, पण समुद्राला अशी भरती आलेली की मूर्ती काही केल्या तराफ्यावर चढेना. विसर्जन झालं ते रात्री नऊच्या सुमाराला. आणि 8 वाजून 58 मिनिटांनी वर चंद्र पृथ्वीच्या विरळ सावलीत शिरायला लागला. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं.

योगायोग? अर्धाच!

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका रेषेत येतात. सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एकाच रेषेत लागली की समुद्राला उधाण येतं. म्हणजे भरतीला पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त मागे हटतं. मोठ्या विसर्जनाला चौपाटीवर उधाण असतं, ते दरवर्षीच. गिरगावकरांना विचारा.

चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच होतं. मग दर पौर्णिमेला का नाही? कारण चंद्राची वाट सुमारे 5 अंशांनी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. त्या रविवारी मात्र बरोबर सापडला! रात्री 11 ते 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत तो पूर्णपणे पृथ्वीच्या गडद सावलीत होता.

पूर्ण सावलीत गेला, तर दिसेनासा व्हायला हवा ना? उलट तो तांबडा होतो. पृथ्वीभोवती हवेचं पातळ वेष्टन आहे. त्यातून जाताना सूर्यप्रकाशातला निळा रंग इकडेतिकडे विखुरतो आणि उरलेला लालसर प्रकाश वाकून सावलीत शिरतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय किंवा मावळतोय, तिथली सगळी लाली एकदम चंद्रावर पडते. मला तर ग्रहणातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. हवेत धूळ फार असेल तर चंद्र काळपटतो. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या ग्रहणात चंद्र जेमतेम दिसत होता.

आता वही काढा. 31 डिसेंबर 2028, रविवार. त्या रात्री मुंबईतून अख्खं खग्रास ग्रहण दिसणार आहे. साधारण 8 वाजून 38 मिनिटांनी चंद्राची कड कुरतडल्यासारखी दिसू लागेल. 9.46 ते 10.58 चंद्र तांबडा, आणि 12 वाजून 7 मिनिटांच्या आसपास गडद सावलीतून पूर्ण बाहेर. म्हणजे बंदरातल्या बोटी नव्या वर्षाचे भोंगे वाजवतील, तेव्हा वर ग्रहण सुटत असेल!

चष्मा नको, काळी काच नको, दुर्बीणही नसली तरी चालेल. सूर्यग्रहणासारखी डोळ्यांना भीती इथे अजिबात नाही. परळच्या चाळीची गच्ची किंवा शिवाजी पार्क, पूर्वेकडचं आकाश मोकळं हवं, एवढंच. दहा वाजता चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असेल. आजी म्हणेल, ग्रहणात जेवू नये. तिच्याशी वाद घालत बसू नका, तिलाही गच्चीवर घेऊन या. तिच्या लहानपणी ग्रहण लागलं की रस्त्यावरून "दे दान, सुटे गिरान" अशी आरोळी यायची, ती ऐकवायला सांगा.

आणि एक प्रयोग करा. चंद्राच्या उजवीकडे मृग नक्षत्र असेल, त्याच्या खाली चमकणारा व्याध. साडेआठला मृगातले तारे मोजा, सव्वादहाला पुन्हा मोजा. पौर्णिमेचं चांदणं मंदावलं की किती जास्त तारे बाहेर येतात, ते तुमच्या वहीत आपोआप उतरेल. रंगही लिहा: विटकरी, तांब्यासारखा की राखाडी? शेजारच्या गच्चीवरच्या मित्राला वेगळाच रंग दिसला, तर भांडू नका, त्याचंही उत्तर लिहून घ्या.

जाताना चटई न्यायला विसरू नका. बाराच्या सुमाराला चंद्र जवळजवळ डोक्यावर येईल आणि उभ्याने बघून मान अवघडेल.