मागच्या सीटवरची काच

"भाऊ, मागची काच खालीच येऊन नाही राहिली. पाहा बरं जरा."

एप्रिलची दुपार होती. यवतमाळकडून माहूरला दर्शनाला निघालेली एक गाडी माझ्या दुकानापुढे थांबली. आर्णीत नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळे वाटेत अडलेली गाडी बहुतेक माझ्याकडेच येते. मागच्या सीटवर एक आजी होत्या. तोंडाला पदर, डोळे मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब. त्यांना गाडी लागली होती. मी दार उघडून त्यांना आधी सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मले वाटलं जीवच जाते आता. या पोट्ट्याले किती आवाज देल्ले, गाण्याच्या आवाजात ऐकूच नाही आलं त्याले. बटन दाबू दाबू बोट दुखलं बाप्पा."

गाडीत काहीच बिघाड नव्हता. ड्रायव्हरच्या दारावर चार काचांची चार बटणं असतात, त्यांच्या शेजारी एक पाचवं, खिडकीचं चित्र काढलेलं. ते दाबलं की बाकीच्या दारांवरची बटणं बंद पडतात. लहान लेकरांनी काचेत हात घालू नये म्हणून ती सोय. कुणाचा तरी धक्का लागून ते दाबलं गेलं होतं, आणि गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी ते कशासाठी आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बोट लावलं, काच खाली आली. पैसे घेतले नाहीत. घ्यावेत असं काही केलंच नव्हतं.

पण ती आजी माझ्या मनातून गेली नाही. तीस वर्षं मी गाड्यांच्या तारा जोडतोय, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की गाडीतल्या सोयींबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं पुढच्या सीटवरून. विकणारा पुढच्या माणसाला दाखवतो, घेणारा पुढे बसून बघतो. मागे बसतात आई, आजी, लेकरं, बाळंतीण. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना घेऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी.

मी धंद्यात आलो तेव्हा आर्णीच्या स्टँडवर काळी-पिवळी जिपांचं राज्य होतं. त्यांना मागे काचच नसायची, ताडपत्रीचे पडदे. धूळ यायची, पाऊस यायचा, पण कोंडल्यासारखं कधी झालं नाही. साहेबांच्या अ‍ॅम्बेसेडरला आणि शहरातून येणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढच्या दारात एक छोटी तिकोनी काच असायची. ती जरा तिरपी फिरवली की धावत्या गाडीचा वारा वळून थेट छातीवर यायचा. वीज नाही, पंखा नाही, फक्त वाऱ्याला दिलेलं वळण. आजच्या एसीच्या जाळीचं काम तेच आहे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि पुढे गावोगावी पोचली. तिच्या दारांना काच फिरवायचं हँडल होतं. तीन-चार फेरे मारले की काच खाली. त्या हँडलचा एक मोठा गुण आता आठवतो: प्रत्येक दाराचं हँडल त्या दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात होतं. पुढचा माणूस ते बंद करू शकत नव्हता.

बटणावरच्या काचा अमेरिकेत फार जुन्या. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास मोठ्या गाडीत त्या आणल्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या. त्याच सुमारास त्याच कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्या एसीने अर्धी डिकी खाल्ली होती, आणि तो बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. तिथून आपल्याकडच्या साध्या गाडीच्या बटणापर्यंत यायला साठेक वर्षं गेली.

आता दार उघडूनच दाखवतो. डोअर पॅडचे स्क्रू काढले, क्लिपा एकेक करून सोडवल्या की मागे प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला दिसतो. तो फाडू नका, आणि मेकॅनिकलाही फाडू देऊ नका. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतच असतं. खालच्या भोकांतून ते बाहेर जातं, आणि हा कागद ते आत गाडीत येऊ देत नाही. कागदामागे मुठीएवढी मोटार, तिला बारा व्होल्टच्या दोन तारा. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ दिला की काच वर, उलटं केलं की खाली. बटणाचं काम एवढंच, तारा उलटसुलट करणं. मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, ते एका दातेरी चाकाला फिरवतात. त्यामुळे मोटार काचेला ढकलू शकते पण काच मोटारीला ढकलू शकत नाही. बाहेरून कुणी काच हाताने खाली दाबली तरी ती उतरत नाही, याचं कारण हे. चाकापासून काचेपर्यंत दोन पद्धती. जुन्यात कैचीसारख्या लोखंडी पट्ट्या, नव्यात सायकलच्या ब्रेकसारखी तार. कैची वर्षानुवर्षं चालते. तार तुटते किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा फुटतो, आणि मग एका रात्री काच दारात धपकन पडते.

आमच्याकडे मोटारी जळतात त्या मात्र धुळीने. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात काळ्या मातीची बारीक धूळ बसते, उन्हाने रबर कडक होतं, काच जड होते. मोकळी काच वर जाताना मोटार साधारण पाच-सात अँपिअर ओढते. अडली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. मोटार तापली की आतला थर्मल कट तिला थांबवतो, आणि गिऱ्हाईक म्हणतो मोटार गेली. दहा मिनिटं थांबा, थंड झाली की पुन्हा चालते. वर्षातून दोनदा खाचेत ओलं फडकं फिरवा, मग सिलिकॉनचा स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. प्रवासात काच अर्ध्यावर अडली तर एकाने बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्याने मोटार असते त्या जागी डोअर पॅडवर तळहाताने थापा मारायच्या. मोटारीतले अडकलेले कार्बन ब्रश पुष्कळदा सुटतात. घरी पोचण्यापुरतं काम भागतं.

आणि मागची काच बंद पडली म्हणून कुणी आलं की मी मागचं दार आधी उघडत नाही. अनेक गाड्यांत मागच्या बटणाला वीज ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणांतूनच जाते. चहा-पाणी सांडतं ते तिथे, म्हणून आधी तीच बटणं बघतो.

लेकरांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जुन्या गाड्यांत बटण आडव्या पट्टीसारखं होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून उभ्या असलेल्या लेकराचा गुडघा त्यावर पडला की काच वर चढायची. अमेरिकेत अशाने मुलं दगावली, म्हणून तिथे नियम झाला आणि काच वर न्यायची तर बटण बोटाने उचलावं लागेल अशी रचना आली. आता आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतही तशीच बटणं असतात. काही गाड्यांत काचेला अडथळा लागला की ती आपोआप मागे फिरते. पण ही सोय पुष्कळदा फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते, मागच्यांना नाही. म्हणून लेकरू मागे असेल तर ते पाचवं बटण जरूर दाबा, आणि दाबलंय हे गाडीतल्या सगळ्यांना सांगा. आजीला सांगितलं असतं तर तिने बटणाशी झुंज घेतली नसती, ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला असता.

आता एसीच्या जाळ्यांकडे. वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते, फिल्टरमधून जाते, ब्लोअर तिला कूलिंग कॉइलवरून ढकलतो आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांतून ती आपल्या अंगावर येते. अनेक गाड्यांत फिल्टर डाव्या बाजूच्या कप्प्यामागे सापडतो. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की मी काढतो त्या फिल्टरला कापसाची मऊ चादर असते, हाताने सोलून काढता येईल अशी. जिनिंगच्या बाहेर ताटकळणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. त्यात कडुलिंबाची पानं, आणि कधी उंदराने आणून ठेवलेली तुरीची शेंग. गिऱ्हाईक म्हणतो गॅस संपला, भरून द्या. गॅस पुरेसा असतो, हवेला वाटच नसते. पावसाळ्यात पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली दिसली की लोक छत गळतं समजतात. कॉइलवर जमणारं पाणी एका नळीने खाली रस्त्यावर जातं. तिचं तोंड चिखलाने बुजलं की तेच पाणी आत येतं. नळी साफ केली की झालं.

थंड हवा जड असते, खाली बसते. म्हणून जाळ्या तोंडावर रोखून ठेवू नका, मधल्या दोन जाळ्या छताकडे तोंड करून, दोन सीटांच्या मधून मागे हवा जाईल अशा वळवा. मागे वेगळी जाळी नसलेल्या छोट्या गाडीत मागच्या माणसाला मिळणारी हवा एवढीच. उन्हात उभी केलेली गाडी सुरू केली की आधी चारही काचा खाली करून दोनेक मिनिटं चालवा, भट्टीची हवा निघून जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. ते बटण तासन्‌तास दाबून ठेवू नका. पाच-सहा माणसांच्या श्वासाने आतली हवा जड होते, ड्रायव्हरला झापड येते. पावसात काचेवर आतून वाफ धरली तर ते बटण सोडून बाहेरची हवा घ्या आणि एसी चालू ठेवा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, मिनिटभरात काच स्वच्छ होते.

उन्हाची गोष्ट आमच्याकडे गमतीची नाही. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीतलं तापमान मोजून २००५ साली प्रसिद्ध केलं. बाहेर २२ ते ३६ अंशच असताना तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आता आर्णीच्या मे महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. "दोन मिनिटांत येतो" म्हणून लेकराला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत ठेवून बँकेत जाऊ नका.

काळी फिल्म लावून द्या असं कुणी म्हटलं की मी नाही म्हणतो. काचेतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के उजेड जावा असा नियम आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचेवर काळी फिल्म चिकटवायला बंदी केली. माझं कारण मात्र साधं आहे: आत राहिलेलं लेकरू बाहेरच्या माणसाला दिसलं पाहिजे.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना काही गोष्टी सक्तीच्या झाल्या. सीटबेल्टची आणि वेगाची सूचना, मागचे सेन्सर यांची चर्चा झाली. त्याच यादीत आणखी एक गोष्ट होती: वीज गेली तरी सेंट्रल लॉक हाताने उघडता आलं पाहिजे. तुमच्या गाडीत ते कसं उघडतं ते आज घरी गेल्यावर करून बघा, आणि मागे बसणाऱ्यांकडून करून घ्या. दाराच्या कडेला एक छोटी खटकी असते, चाइल्ड लॉकची. ती लागलेली असेल तर मागचं दार आतून उघडत नाही, हेही दाखवून ठेवा. २८ सप्टेंबर २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर एसटी पुरात वाहून गेली आणि माणसं गेली. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पुलावरून पाणी असेल तर गाडी घालूच नका. आणि गाडी पाण्यात सापडलीच तर दाराशी झटू नका, पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. पहिल्या क्षणी काचा खाली करा. पाणी मोटारीपर्यंत जाईतो त्या सहसा चालतात. नाही चालल्या तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार, कठीण वस्तूने मारा, मधोमध नाही. पुढची काच फोडण्यात वेळ घालवू नका, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो.

ट्रकवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२५ साली साडेतीन टनांहून मोठ्या नव्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. इंजिनाच्या उबेत बारा-बारा तास बसणाऱ्या माणसाला हे फार आधी मिळायला हवं होतं. पण रस्त्यावरचे जुने ट्रक अजून कितीतरी वर्षं चालतील.

परवाच एक जुना ट्रक आला, कापसाच्या गाठी भरून निघालेला. ड्रायव्हरच्या गळ्यात ओला टॉवेल, आणि त्याला डॅशबोर्डवर चोवीस व्होल्टचा छोटा पंखा बसवून हवा होता. मी जागेवर भोक पाडलं, फ्यूज घालून तार ओढली, पंखा त्याच्या तोंडासमोर येईल असा कसला. त्याने बटण दाबून पाहिलं, मान हलवली, पैसे दिले. मग गाडी सुरू करण्याआधी त्याने पंख्याची मान धरून ती डावीकडे फिरवली. तिकडे त्याचा क्लीनर, मिसरूडही न फुटलेला पोरगा, दाराला डोकं टेकून झोपला होता.