अडकित्त्याचा खिळा

जुन्या घाटाचा, खिशात मावेल असा चाकू नवा घेताना त्याची जुळणी आणि सफाई कशी पारखायची, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा रामपुरी होता. पण रामपूर उत्तर प्रदेशात आणि मी सोलापुरात. इथल्या माणसाने उघडमीट होणारं एकच पोलादी हत्यार पिढ्यान्‌पिढ्या अंगावर बाळगलं, ते म्हणजे अडकित्ता. तोही खिशात नाही, कमरेच्या चंचीत. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी आणि मधे तो. गिरणीतला कामगार असो की मार्केट यार्डातला अडत्या, गप्पा सुरू झाल्या की चंची उलगडायची आणि बोलता बोलता सुपारी कातरायची. तेव्हा चाकू बाजूला ठेवून अडकित्ताच पारखायचं ठरवलं. संपादकांनीही फार ताणलं नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो बघायला पुण्याला जावं लागतं. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलेल्या संग्रहात अडकित्त्यांचा मोठा थाट आहे. पोपट, मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या. एखाद्या घरंदाज पानदानातून उठून आलेलं सगळं खानदान. गुजरातेत जामनगरच्या सुड्या, म्हणजे अडकित्तेच, प्रसिद्ध आहेत. सॅम्युअल आयलेनबर्ग या मोठ्या अमेरिकी गणितज्ञालाही अडकित्त्यांचा नाद होता. त्याच्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग यांनी चक्क एक पुस्तक लिहिलं. हे सगळं देखणं आहेच. पण काचेआडच्या अडकित्त्याला हात लावता येत नाही, आणि हात न लावता अडकित्त्याबद्दल जे काही कळतं ते निम्म्याहून कमी.

हात लावू देणारे लोहारमामा मला सोलापुरातच, मधल्या मारुतीच्या देवळाअलीकडे एका बोळात सापडले. भाता जाऊन विजेचा पंखा आला आहे, ऐरण मात्र आजोबांची. कामं विळ्या, खुरपी, कोयते यांची. अडकित्ता कुणी खास सांगितला तरच. मी आधी एका दुकानातून आणलेला एक चकचकीत नग त्यांच्या हातात दिला. त्यांनी धारेकडे पाहिलंही नाही. अंगठा थेट खिळ्यावर.

‘‘धार नंतर बघा मालक. धार काय, दगडावर कुणीबी लावतंय. खिळा बघा.’’

मग त्यांनी खालची दांडी डाव्या मुठीत घट्ट धरली आणि वरची दांडी वरखाली न करता आडवी, कडेकडेने हलवली. बारीक ‘टक टक’ ऐकू आली. ‘‘हं, गेला,’’ म्हणाले आणि नग माझ्या हातात परत ठेवला.

‘गेला’ म्हणजे काय, हे समजायला थोडं गणित लागतं. खिळ्यापासून सुपारी एका इंचावर आणि मुठीचा दाब पाच इंचांवर असेल, तर हाताचा जोर सुपारीवर पाचपट होऊन पडतो. त्याच वेळी खिळ्यावर हाताच्या जोराच्या चौपट ओढ येते. लाकडासारखी टणक रोठा सुपारी फोडताना ती ओढ केवढी होत असेल, याचा अंदाज करा. एवढा भार पेलायला असतो पेन्सिलीएवढा जाड एक लोखंडी तुकडा. तो केसभर जरी सैल असला तरी ऐन जोरात पातं कडेला कलतं, धार खालच्या जबड्यावरून घसरते आणि अर्धी सुपारी समोरच्याच्या कपाळावर. म्हणून जाणता माणूस सुपारी टोकाशी धरत नाही, खिळ्याला लागून धरतो. आणि खिळा चांगला नसेल तर धरतच नाही.

बरं, घट्ट बसवला की झालं, असंही नाही. घट्ट खिळ्याचा अडकित्ता दोन्ही हातांनी उघडावा लागतो, मनगट भरून येतं. हवं ते या दोहोंच्या मधलं. ते कसं साधतात, हे मला त्या बोळात बसून बघता आलं. पातं जुन्या कानशीचं किंवा ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे कडक. खिळा मात्र मऊ लोखंडाचाच, कारण कडक खिळ्याचा माथा ठोकताना तडकतो. दोन्ही भोकं एका मापाची, एका रेषेत. खिळा आत घालून, पातं आणि जबडा यांच्या मधे कागदाची एक घडी सरकवून, मामांनी माथ्यावर हातोडी चालवली. जोरात एकही घाव नाही. कडेकडेने, गोल फिरत, हलके हलके, मधेच थांबून उघडमीट, तेलाचा थेंब, पुन्हा चार टोले. शेवटी कागद ओढून काढला. तेवढ्या कागदाइतकी मोकळीक राहिली. मग अडकित्ता उभा धरून वरची दांडी सोडून दिली. ती धपकन पडली नाही, अडकलीही नाही. आपल्याच वजनाने, सावकाश खाली आली. मामांचा चेहरा काही बदलला नाही. माझा बदलला असणार, कारण त्यांनी ‘चहा घेता का’ असं विचारलं.

घडीच्या चाकूतही हीच गोष्ट आहे, फक्त तिथे खिळ्याला पाठीची कमान जोडीला असते. शेफील्डच्या कारागिरांनी ज्यावर नाव कमावलं ते हेच: पातं उघडताना कमानीने ते ओढून घ्यावं, मिटताना सोडावं, आणि मिटल्यावर ते दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसावं. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणारा ओपिनेल चाकू तर लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा आणि धातूची कडी एवढ्यावर उभा आहे. कमान नसल्याने तिथे सगळी लाज खिळ्याच्या हाती. देश कुठलाही असो, घेणारा धारेवर भाळतो आणि घडवणारा खिळ्यावर झोप घालवतो.

खिळ्यानंतरचं सगळं डोळ्यांनी बघण्याचं. अडकित्ता मिटून उजेडाकडे धरायचा. खिळ्यापासून टोकापर्यंत धार जबड्यावर सारखी टेकली पाहिजे. मधे कुठे उन्हाची चीर दिसली तर तिथे सुपारी कापली न जाता चेंगरणार. त्याच वेळी दांड्यांकडेही बघायचं. त्या मात्र एकमेकींना टेकता कामा नयेत, बोट जाईल एवढी फट राहायलाच हवी. नाहीतर सुपारी फुटायच्या क्षणी तळहाताची कातडी त्यात सापडते, आणि तो चिमटा एकदा बसलेला माणूस पुन्हा ती चूक करत नाही. दांड्यांच्या आतल्या कडांवरून नख फिरवायचं. कानस तिथे फिरली आहे की नाही हे नख लगेच सांगतं, कारण घाईतला कारागीर बाहेरची बाजू घासतो आणि आतली सोडतो. पितळी असेल तर दांडीवरची ओताची रेघ आणि बारीक छिद्रं शोधायची. धातूचा मुलामा चढवलेल्या मालात ती दिसत नाहीत. मुलाम्याचा अर्धा उद्देश तोच असतो.

पाणी कसं दिलंय, हे दुकानात कळणं अवघड. मामा तापवलेलं पातं बुडवून काढतात, एक पट्टा घासून उजळ करतात आणि पुन्हा हलकेच शेकतात. उजळ पट्ट्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबायचं. निळा होईपर्यंत थांबलं तर पातं कमानीला चालेल, धारेला नाही. गिऱ्हाइकाच्या हाती एकच उपाय: छोटी कानस पात्याच्या कडेवर ओढून बघा. घसरली तर पातं कडक, रुतली तर मऊ. दुकानदाराला हे आवडत नाही, हेही सांगून ठेवतो.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. आता खरी पंचाईत.

हा अडकित्ता घेणार कोण? सुपारी आता यंत्राने कातरलेली, पुडीत बंद, सुगंधी होऊन येते. चंचीची जागा पुडीने घेतली आणि पुडीला अडकित्ता लागत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे सोलापूरच्या कुठल्याही चौकातल्या भिंतीचा कोपरा सांगतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुपारी स्वतःच निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायची सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असं स्पष्ट म्हटलं आहे. तोंड उघडेनासं होण्याचा आजार तर सुपारी चघळणाऱ्यांचाच. म्हणजे मी ज्याच्या खिळ्याचं गुणगान करतो आहे, ते हत्यार ज्या कामासाठी झालं ते काम बंद पडलेलंच बरं. हा पेच मला सोडवता आलेला नाही, आणि मामांना तो पडलेलाच नाही. ‘‘मी लोखंडाचं काम करतो,’’ एवढंच त्यांचं म्हणणं.

अडकित्ता तरीही विकला जातो, पण निराळ्या कारणांसाठी. नवरदेवाच्या हातात कट्यार नसेल तर अडकित्ता लागतो, टोकाला लिंबू खोचून. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड हवं म्हणून कुणी तो ठेवतं. या दोन्ही ठिकाणी त्याला काही कापायचं नसतं. लिंबू टोचण्यापुरतं टोक असलं की भागतं. मग पत्रा दाबून केलेल्या, मुलामा चढवलेल्या मालाला नावं तरी कोणत्या तोंडाने ठेवायची? ज्याला कापायचं नाही त्याचा खिळा कुणी हलवून बघत नाही. आणि हलवून बघणारा गेला की कागदाची घडी घालून टोले मारणाराही जातो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिला नाव आहे, बाजार आहे. बोळातल्या लोहाराला यातलं काही नाही. त्यांचा मुलगा फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट आणि ग्रिल जोडतो. तिथे खिळाच नाही, सगळं वेल्डिंग. पगार वेळेवर होतो, हे मामांनी मला दोनदा सांगितलं.

मी सुपारीची तरफदारी करणार नाही. पण घरात लग्न असेल आणि अडकित्ता घ्यायचाच असेल, तर आयता डबाबंद उचलू नका. लोहाराकडे जा, महिनाभर आधी सांगा, सुक्या खोबऱ्याची वाटी सोबत न्या आणि तिच्यावर तो चालवून बघा. काप सरळ निघाला पाहिजे, भुगा पडता कामा नये. नंतर तो गुळाला, खारकेला, सुंठ फोडायला वर्षानुवर्षं कामाला येईल. आडवा हलवून ‘टक टक’ ऐकू आली तर परत करा. नाही आली, तर सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या.